लायब्ररीची किमान अट सी++११ वरून सी++१७ करावी का?

प्रश्न : रुईसरकी, राळेगाव (जि. यवतमाळ)

मोठ्या वजनकाट्याच्या इंडिकेटरकडून (वजन दाखवणाऱ्या यंत्राकडून) संगणकाच्या सीरियल पोर्टवर येणारा मजकूर वाचून त्यातून स्थिर वजन वेगळे काढणारी सी++ मधील एक लहान मुक्तस्रोत लायब्ररी मी सांभाळतो. जिनिंगच्या काट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन टिपून काटापट्टी छापणारे जे प्रोग्रॅम आपल्या भागातील काही जणांनी लिहिले आहेत, त्यांतील काहींच्या मुळाशी ही लायब्ररी आहे. अलीकडे धान खरेदीच्या केंद्रांवरही ती वापरली जात असल्याचे येणाऱ्या विचारणांवरून दिसते. प्रत्येक कंपनीचा इंडिकेटर आपापल्या पद्धतीने अक्षरे पाठवतो, कोणी ओळीच्या आरंभी एसटीएक्स हे नियंत्रण-अक्षर ठेवतो, कोणी वजन स्थिर झाल्याची खूण शेवटी देतो, आणि इंडिकेटरवर वैधमापनाचे सील असल्यामुळे त्याच्या आत काही बदलण्याचा प्रश्नच येत नाही. सगळी जुळवाजुळव लायब्ररीलाच करावी लागते.

आजवर लायब्ररीची अट सी++११, म्हणजे सी++ भाषेचे २०११ चे मानक, इतकीच आहे. ती ठरली तेव्हा सर्व्हरांवर सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली सर्रास असे, त्यासोबत जीसीसी ४.८.५ हा कंपायलर (लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बांधणारे साधन) येत असे आणि त्या कंपायलरवर सी++११ च्या पुढे भरवशाने जाता येत नव्हते. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, त्यामुळे ते कारण आता उरलेले नाही.

अट वाढवावी असे वाटण्यामागे मुख्यतः तीन गोष्टी आहेत. लायब्ररीच्या चाचण्या गूगलटेस्ट या चाचण्यांच्या लायब्ररीवर लिहिलेल्या आहेत, त्याची १.१२ ही मालिका सी++११ वर चालणारी अखेरची ठरली, १.१३ पासून सी++१४ लागते आणि १.१७ पासून सी++१७. शिवाय ‘वजन मिळाले किंवा मिळाले नाही’ हे सांगणारा एक वर्ग आणि अक्षरांची नक्कल न करता त्यांच्या एका तुकड्याकडे निर्देश करणारा दुसरा वर्ग, असे मी स्वतः लिहिलेले दोन वर्ग लायब्ररीत आहेत, आणि सी++१७ मधील ऑप्शनल व स्ट्रिंग_व्ह्यू हेच काम अधिक चोख करतात. तिसरी गोष्ट माणसांची आहे: जे तरुण मदतीला येतात ते सी++१७ शिकूनच येतात, आणि ‘इफ कॉन्स्टएक्स्पर’ (बांधणीच्या वेळीच तपासली जाणारी अट) वापरून त्यांनी पाठवलेला स्वच्छ बदल जुन्या पद्धतीने टेम्प्लेटांची कसरत करून पुन्हा लिहून मागणे मला स्वतःलाच ओशाळवाणे वाटते.

माझ्यापुढचे प्रश्न असे आहेत. सी++१४ वर थांबावे की थेट सी++१७ वर जावे? अट वाढवली तर त्या आवृत्तीला मोठ्या बदलाची खूण म्हणून २.० म्हणावे की १.९ म्हटले तरी चालेल? आणि ज्यांचा कंपायलर जुना आहे, ज्यांच्याशी माझा एरवी काहीच संपर्क नसतो, त्यांना याची कल्पना द्यायची तरी कशी? नव्या मानकाच्या सोयींची यादी मला ठाऊक आहे; अट वाढवल्यानंतर प्रत्यक्ष काय मोडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांचे म्हणणे मला हवे आहे.

उत्तर : पूर्णाकाठ, दर्यापूर (जि. अमरावती)

सी++१४ वर थांबण्यात मला काही हशील दिसत नाही. त्या मानकाने मुख्यतः सी++११ मधील उणिवा भरून काढल्या. जेनेरिक लॅम्डा, मेक_युनिक आणि थोडा मोकळा झालेला कॉन्स्टएक्स्पर एवढ्याच त्यातील रोज लागणाऱ्या गोष्टी. तुम्हाला हवे असलेले ऑप्शनल आणि स्ट्रिंग_व्ह्यू त्यात नाहीतच. अट वाढली की वापरणाऱ्यांना एकदा त्रास व्हायचाच, तो दोन हप्त्यांत कशाला द्यायचा? शिवाय मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओमध्ये सी++११ असा पर्यायच नाही, तिथे मानक निवडण्याची सोय सी++१४ पासून सुरू होते. म्हणजे त्या कंपायलरपुरती तुमची आजची अट कागदावरचीच आहे आणि ती पाळली जाते की नाही हे तुम्हाला तिथे तपासताही येत नाही.

मात्र ‘सी++१७ हवे’ एवढे लिहून भागणार नाही, कारण मानकाचे वर्ष आणि कंपायलरची प्रत्यक्ष कुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीसीसी ७ मध्ये भाषेचा बहुतेक भाग आला, ऑप्शनल आणि स्ट्रिंग_व्ह्यू याच आवृत्तीत आले. फाइली हाताळणारा फाइलसिस्टम हा भाग जीसीसी ८ मध्ये आला, पण त्यासाठी लिंकरला (बांधलेले तुकडे एकत्र जोडणाऱ्या साधनाला) वेगळी लायब्ररी जोडायला सांगावे लागे, ती अट जीसीसी ९ मध्ये गेली. मजकुरातून दशांश संख्या काढणारे फ्रॉम_चार्स तर जीसीसी ११ पर्यंत आलेच नव्हते. पूर्णांकांसाठीचे आधीपासून होते. विंडोजवर कोडब्लॉक्स २०.०३ या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनासोबत जीसीसी ८.१ मिळतो आणि त्यावर फाइलसिस्टमची हेडर फाइल (लायब्ररीत काय आहे ते कंपायलरला सांगणारी फाइल) नुसती जोडली तरी कंपायलर चुका दाखवतो, मग तिच्यातले काही वापरा अथवा न वापरा. तुमच्या लायब्ररीला फाइलसिस्टमची गरज नाही, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका, आणि अट कंपायलरच्या क्रमांकात लिहा: जीसीसी ८ किंवा पुढचा, व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ ची १५.७ किंवा पुढची. उबुंटू १८.०४ वर जीसीसी ७ येतो, त्याचा नियमित आधार २०२३ च्या मे महिन्यात संपला आहे, २०.०४ वर जीसीसी ९ आहे, डेबियन १० वर ८.३. म्हणजे या अटीत आज नांदणारे जवळपास सगळे सामावते.

बांधणीची आखणी करून देणाऱ्या सीमेक या साधनावरही आंधळा विश्वास टाकू नये. जीसीसी ५ किंवा ६ असलेल्या जुन्या यंत्रावर सीमेक तेवढे नवे बसवलेले असेल, तर सी++१७ ची मागणी ते मुकाट्याने मान्य करते, कारण त्या कंपायलरला ‘सी++१झेड’ असा अपूर्ण अवस्थेतील पर्याय ठाऊक असतो. मग खरी चूक हेडर फाइलच्या पोटात कुठेतरी उमटते आणि वापरणारा तुमच्या लायब्ररीला बोल लावतो. मानक कोणते ते सांगणाऱ्या __सीप्लसप्लस या मॅक्रोची किंमत तपासून अडवावे म्हटले तर व्हिज्युअल स्टुडिओ वेगळा पर्याय दिल्याशिवाय कोणत्याही मानकात १९९७११ हीच किंमत सांगतो. तेव्हा बांधणीच्या आरंभीच कंपायलरचा क्रमांक तपासावा आणि कमी असेल तर स्पष्ट मराठीत किंवा इंग्रजीत, पण एका वाक्यात, थांबण्याचे कारण सांगावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका. ‘सी++१७ असेल तर मानक ऑप्शनल, नसेल तर माझा स्वतःचा वर्ग’ अशी निवड हेडर फाइलमध्ये मॅक्रोने करण्याचा मोह अनेकांना होतो. लायब्ररी सी++१७ ने बांधलेली आणि वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम सी++११ ने बांधलेला असेल, तर एकाच नावाखाली दोघांना दोन वेगळे प्रकार दिसतात. नशीब चांगले असेल तर लिंकर अडवतो, नसेल तर प्रोग्रॅम चालतो आणि वजनाच्या जागी काहीही वाचतो. गूगलच्या अब्सेल या लायब्ररीने आपल्या ऑप्शनलसाठी बराच काळ नेमकी हीच पद्धत ठेवली होती, आणि म्हणूनच सगळा कोड एकाच मानकाने बांधा असे त्यांना बजावून सांगावे लागे. गूगलसारख्या ठिकाणी सगळे एकाच जागी बांधले जाते, तिथे हे निभते. आपल्याकडे कोण कुठे काय बांधतो हे कोणालाच ठाऊक नसते.

उत्तर : धर्मकाटा, घाटंजी (जि. यवतमाळ)

वरील उत्तरातील तांत्रिक बाजूशी माझे दुमत नाही, पण त्यात गृहीत धरलेला वापरणारा आमच्या काट्यावर बसत नाही. मी जिनिंगमधील संगणकांची देखभाल करतो. काट्याच्या केबिनमधील संगणकावर अजूनही ३२-बिट विंडोज ७ सापडते, त्याला इंटरनेट जोडलेले नसते, समोर सरकी आणि रुईची धूळ असते, आणि मालकाच्या दृष्टीने तो संगणक काट्याचाच एक भाग असतो. काटा चालतो आहे तोवर तो बदलण्याचे कारण त्याला दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये काढून घेतला हे त्याला सांगून पाहिले तर तो विचारतो की वजन बरोबर येते ना.

तरीही इथे एक गल्लत टाळली पाहिजे. प्रोग्रॅम जिथे चालतो ते यंत्र आणि तो जिथे बांधला जातो ते यंत्र ही दोन निराळी आहेत, आणि मानकाची अट फक्त दुसऱ्याला लागू होते. सी++१७ मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम विंडोज ७ वर चालतो, त्यात विशेष काही नाही. मिनजीडब्ल्यू या विंडोजसाठीच्या संचातील जीसीसी ८.१ ने सगळे स्थिर पद्धतीने (म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी प्रोग्रॅमच्या फाइलीतच घालून) जोडून घेतले की एकच फाइल उचलून नेता येते. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून पुढच्या आवृत्तींनी बांधले तर विंडोज ७ वर युनिव्हर्सल सी रनटाइम (प्रोग्रॅम चालताना लागणारी मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) लागते, ते केबी२९९९२२६ या अपडेटने मिळते. इंटरनेट नसलेल्या यंत्रावर ते अपडेट नेऊन बसवण्यापेक्षा रनटाइमही प्रोग्रॅमच्या आतच जोडून घेणे मला बरे वाटते. विंडोज एक्सपीची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ चा ‘व्ही१४१_एक्सपी’ हा संच शेवटचा. परंतु एक्सपीवर चालणारा काटा कोणाकडे असलाच, तर त्याने तुमची जुनी आवृत्तीच वापरत राहावी, त्याच्यासाठी सगळ्यांना थांबवू नये.

खरी अडचण बंद लायब्ररींची आहे. काटापट्टीच्या प्रोग्रॅमला फक्त वजन लागत नाही. गाडीचा फोटो काढणारा कॅमेरा, गाडीचे कार्ड वाचणारे यंत्र, कधी कधी विशिष्ट प्रिंटर, यांच्याही लायब्ररी त्याला जोडलेल्या असतात. त्यांपैकी एखादी अशी असते की ती पुरवणारा विक्रेता केव्हाच बाजारातून नाहीसा झालेला आहे आणि त्याने दिलेली बांधलेली फाइल व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ ची आहे, तीही अशी की तिच्या फंक्शनांच्या सह्यांत सी++ ची स्ट्रिंग आणि व्हेक्टर आहेत. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ यांनी बांधलेल्या फाइली एकमेकींत मिसळता येतात, पण २०१३ ची त्यांच्यात बसत नाही. मग तो अख्खा प्रोग्रॅम २०१३ ला जखडला जातो. त्या कंपायलरला सी++११ चा बराचसा भाग कळतो, कॉन्स्टएक्स्पर आणि नोएक्सेप्ट कळत नाहीत, आणि सी++१७ चा तर विषयच नाही. तुमच्या लायब्ररीने आजवर २०१३ ला सांभाळून घेतले म्हणून असे प्रोग्रॅम चालू आहेत. अट वाढली की ते जिथे आहेत तिथेच गोठतील.

यावर मार्ग आहे आणि तो फार अवघड नाही. लायब्ररीच्या बाहेरच्या तोंडाला सी भाषेतील चार-पाच फंक्शने ठेवा: पोर्ट उघडणे, वजन मागणे, पोर्ट बंद करणे, शेवटची चूक काय होती ते सांगणे. आत तुम्ही सी++१७ वापरा नाही तर सी++२० वापरा. विंडोजसाठी तयार डीएलएल (आधीच बांधलेली लायब्ररीची फाइल) तुम्हीच बांधून द्या. मग २०१३ मधला प्रोग्रॅमही ती वापरू शकेल आणि ज्यांना सी++ नको आहे त्यांनाही, म्हणजे सी# किंवा पायथनमधून येणाऱ्यांनाही, ती उपयोगी पडेल. दोन पथ्ये पाळावी लागतील. एक्सेप्शन (सी++ मध्ये चूक कळवण्यासाठी फेकला जाणारा संदेश) त्या उंबरठ्याच्या बाहेर जाता कामा नये, आणि आत घेतलेली मेमरी आतच सोडली पाहिजे. वजन मात्र कृपा करून पूर्णांकात द्या, किलोमध्ये. मोठा काटा पाच-दहा किलोच्या टप्प्यांनी मोजतो, तिथे दशांश संख्या देऊन आपण नसलेली अचूकता दाखवतो आणि वर फ्रॉम_चार्सचा तो जीसीसी ११ चा प्रश्न ओढवून घेतो.

आणि वेळेचे म्हणाल तर दसऱ्यापासून मार्चअखेरपर्यंत काहीही जाहीर करू नका. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी चालू असताना फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. त्या दिवसांत काट्याच्या संगणकाला हात लावण्याची परवानगी मला स्वतःलाही मिळत नाही.

उत्तर : बांधी, लाखनी (जि. भंडारा)

आमच्याकडे धानाच्या पोत्यांसाठी लहान प्लॅटफॉर्म काटे आहेत आणि त्यांना रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडलेला आहे, त्यामुळे विंडोजचा त्रास नाही. मी आजही काही ठिकाणी डेबियन ९ वर आधारलेली जुनी रास्पबियन स्ट्रेच चालवतो, तिच्यात जीसीसी ६.३ आहे, म्हणजे वरच्या अटीत मी बसत नाही. परंतु माझ्यासाठी अट वाढवणे थांबवू नये असेच मी म्हणेन, कारण इथे संगणक बदलावा लागत नाही, नवे मेमरी कार्ड लिहून जुन्याच्या जागी घातले की काम होते, आणि तसेही ती कार्डे फार काळ टिकत नाहीत. नव्या कार्डावर डेबियन १० किंवा त्याहून पुढची प्रणाली ठेवायला मला काहीच हरकत नाही. फक्त ते कधी करायचे याची सूचना आधी मिळाली पाहिजे.

आणि धर्मकाटा भाऊंनी सांगितलेले वेळापत्रक कापसाचे आहे, धानाचे नाही. खरिपाच्या धानाची खरेदी हिवाळ्यात असते, पण भंडारा-गोंदियाकडे उन्हाळी धानही होते आणि त्याची खरेदी मे-जूनमध्ये चालते. एप्रिलनंतर जाहीर करा असे ठरवाल तर आमच्या नेमके तोंडावर येईल. जुलै महिना दोघांनाही मोकळा असतो. रोवणीच्या दिवसांत काट्याकडे कोणी फिरकत नाही.

उत्तर : खडूफळा, उमरखेड (जि. यवतमाळ)

मी महाविद्यालयात सी++ शिकवतो, आणि विद्यार्थ्यांच्या बाजूने एवढेच सांगायचे आहे की त्यांच्या नावाने अट खाली ठेवण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांत आजही डॉसबॉक्समध्ये टर्बो सी++ चालते, ते १९९८ च्या पहिल्या मानकाच्याही आधीचे आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलासाठी सी++११ आणि सी++१७ सारखेच नवे असतात, आणि त्यातल्या त्यात सी++१७ मध्ये लिहिलेला कोड वाचायला सोपा जातो. जी मुले स्वतःहून पुढे शिकतात ती कोडब्लॉक्स वापरतात. इथे एक खुलासा उपयोगी पडेल: कोडब्लॉक्स १७.१२ सोबत जीसीसी ५.१ येत असे, २०.०३ सोबत ८.१ येतो, आणि पेनड्राइव्हवरून फिरत राहिलेली प्रत बहुधा जुनीच असते. डेव्ह-सी++ ५.११ ची अवस्था त्याहून बिकट आहे, त्यात जीसीसी ४.९.२ आहे. तेव्हा अट लिहिताना ‘जीसीसी ८’ या शब्दांच्या जोडीला ‘कोडब्लॉक्स २०.०३ किंवा पुढचे’ असेही लिहावे. विद्यार्थ्याला आपल्या कंपायलरचा क्रमांक ठाऊक नसतो. आपण कोणता प्रोग्रॅम बसवला आहे हे मात्र ठाऊक असते.

उत्तर : पूर्णाकाठ, दर्यापूर (जि. अमरावती)

सी भाषेचे तोंड ठेवण्याची सूचना मला पटली, आणि तिच्यामुळे माझ्या पहिल्या उत्तरातील एक भाग अधिक नेमका करता येतो. अट एकच नसते. लायब्ररी बांधण्यासाठी कोणते मानक लागते ही एक अट आणि तिची हेडर फाइल वापरण्यासाठी कोणते मानक लागते ही दुसरी. सीमेकमध्ये या दोन्ही वेगवेगळ्या सांगता येतात, पहिली खासगी म्हणून आणि दुसरी सार्वजनिक म्हणून. बहुतेक लोक सवयीने दोन्ही सार्वजनिकच ठेवतात, आणि मग लायब्ररीची अट वापरणाऱ्याच्या संपूर्ण प्रोग्रॅमवर लादली जाते.

ही लादणूक किरकोळ नसते. सी++१७ ने जुन्या काही गोष्टी काढून टाकल्या आहेत. व्हिज्युअल स्टुडिओत ते मानक निवडताच ऑटो_पीटीआर आणि रँडम_शफल दिसेनासे होतात, तर फंक्शनच्या पुढे कोणते एक्सेप्शन फेकले जाईल त्याची यादी देण्याची जुनी पद्धत जीसीसी सरळ चूक म्हणून नाकारतो. परंतु आपल्या वापरणाऱ्यांना सर्वाधिक भोवेल ती ‘बाइट’ या नावाची टक्कर. सी++१७ ने स्टँडर्ड लायब्ररीत बाइट हा नवा प्रकार आणला, विंडोजच्या हेडर फाइलींत त्याच नावाचा स्वतःचा प्रकार पूर्वीपासून आहे, आणि सीरियल पोर्टशी बोलणारा प्रोग्रॅम विंडोजची हेडर फाइल जोडतोच. त्यात वर ‘युजिंग नेमस्पेस स्टड’ ही ओळ असली, आणि शिकवणीतून आलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ती असतेच, की कंपायलर विंडोजच्या हेडर फाइलीतच संदिग्ध नावाची तक्रार करतो. ज्याला हे ठाऊक नाही तो विंडोजचा संच बिघडला असे समजून तो पुन्हा बसवत बसतो.

म्हणून माझा सल्ला असा की सी++ ची सार्वजनिक हेडर फाइल आणखी काही काळ सी++११ वरच ठेवावी, तुमचा तो वजनाचा छोटा वर्ग तिच्यात राहू द्यावा, आणि आतल्या भागात सी++१७ मोकळेपणाने वापरावे. एकाच जीसीसीने काही फाइली सी++११ आणि काही सी++१७ म्हणून बांधून जोडायला हरकत नाही, कारण जीसीसीची स्ट्रिंग कशी मांडली जाते हे मानकाच्या पर्यायावर अवलंबून नसते. फक्त जीसीसी ९ च्या आधी सी++१७ हे प्रायोगिक गणले जाई आणि त्या काळातील बांधणी पुढच्या जीसीसीशी जुळेलच अशी हमी नव्हती, एवढे लक्षात ठेवावे.

गूगलटेस्टचे कारण मात्र मी कारणांच्या यादीतून काढून टाकीन. चाचण्या तुम्ही चालवता, वापरणारा चालवत नाही. चाचण्या आजपासूनच सी++१७ ने बांधा, त्यासाठी कोणालाही विचारण्याची गरज नाही.

आवृत्तीच्या क्रमांकाबद्दल जगात एकवाक्यता नाही. क्यूटी या लायब्ररीने सी++१७ ची अट सहाव्या मुख्य आवृत्तीसोबत २०२० मध्ये आणली, पण सी++११ ची अट त्यांनी ५.७ मध्येच लागू केली होती, गूगलटेस्ट १.१३ आणि १.१७ अशा दुय्यम क्रमांकांवर अट वाढवते, नकाशांच्या माहितीसाठीच्या जीडाल या लायब्ररीने ३.९ मध्ये सी++१७ मागितले. माझ्या मते हेडर फाइल बदलत नसेल तर १.९ पुरे.

उत्तर : रुईसरकी, राळेगाव (जि. यवतमाळ)

आपणा सर्वांचे आभार. यातून मी जे ठरवले आहे ते लिहितो, म्हणजे कोणाला आक्षेप असेल तर आताच सांगता येईल.

आतला भाग सी++१७ वर जाईल आणि बांधणीसाठी जीसीसी ८, कोडब्लॉक्स २०.०३ किंवा व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ ची १५.७ ही किमान अट राहील. सार्वजनिक सी++ हेडर सी++११ वरच राहील, आणि तिच्या शेजारी सी भाषेचे नवे तोंड येईल, ज्यात वजन किलोमधील पूर्णांक असेल. क्रमांकाच्या बाबतीत मात्र मी पूर्णाकाठ यांच्याशी सहमत नाही. हेडर बदलत नाही हे खरे, पण आपल्याकडील बहुतेक जण लायब्ररी स्वतःच बांधून घेतात, आणि ज्याचा कंपायलर उद्यापासून नकार देणार आहे त्याच्या दृष्टीने काही बदलले नाही असे म्हणणे बरे दिसत नाही. म्हणून ती २.० असेल. ती जुलैमध्ये येईल. तत्पूर्वी एप्रिलमध्ये १.९ काढून तिच्यात एवढाच बदल करीन की जीसीसी ८ हून जुना कंपायलर दिसला तर बांधणी चालू राहील पण पुढच्या आवृत्तीत ती थांबेल अशी सूचना पडद्यावर येईल. ज्यांच्याशी संपर्क नाही त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा त्याहून चांगला मार्ग मला सुचलेला नाही. वाचा-फाइल कोणी वाचत नाही, कंपायलरने दिलेली सूचना निदान डोळ्यांखालून जाते.

एक गोष्ट अजून ठरायची आहे. १.९ ची शाखा किती काळ सांभाळावी आणि तिच्यात काय घ्यावे? सगळ्याच दुरुस्त्या दोन्हीकडे करण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

उत्तर : धर्मकाटा, घाटंजी (जि. यवतमाळ)

कापसाचे दोन हंगाम सांभाळा, आणि तिच्यात फक्त दोन प्रकारच्या दुरुस्त्या घ्या: वजन चुकीचे वाचले जात असेल तर, आणि पोर्ट अडकून प्रोग्रॅम बंद पडत असेल तर. नव्या कंपनीच्या इंडिकेटरची भर जुन्या शाखेत घालू नका, नाही तर २.० कडे यायला कोणाला कारणच उरणार नाही. ज्याने नवा इंडिकेटर विकत घेतला आहे त्याने नवी डीएलएलही घ्यावी.

डीएलएल मात्र ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन्ही द्या, कारण प्रोग्रॅम ३२-बिट असेल तर ६४-बिट विंडोजवरही त्याला ३२-बिटचीच लागते, आणि फंक्शनांची कॉलिंग पद्धत हेडरमध्ये स्पष्ट लिहा. ३२-बिटमध्ये एसटीडीकॉल आणि सीडीकॉल या दोन कॉलिंग पद्धतींची सरमिसळ झाली की सी# मधून येणाऱ्यांचा प्रोग्रॅम पहिल्याच वजनाला कोसळतो. माझ्याकडे विंडोज ७ चा एक जुना संगणक आणि बदलून काढलेला एक इंडिकेटर आहे. मे महिन्यात कच्ची बांधणी पाठवली तर त्यावर जोडून पाहतो.